दूरदेशींचें बिऱ्हाड

कोंकणांतला तरुण मुंबईस निघाला म्हणजे घरांतलीं माणसें त्याला बंदरापर्यंत पोंचवावयास येत. आगबोटीचा भोंगा झाला कीं आईच्या डोळ्यांना पदर लागे. पोटासाठीं गांव सोडावें, गिरणींत किंवा कचेरींत चाकरी धरावी, महिनाअखेर घरीं मनिऑर्डर पाठवावी आणि शिमग्याला नि गणपतीला चार दिवस परत यावें, हें चाकरमान्याचें जिणें महाराष्ट्रानें कित्येक पिढ्या पाहिलें आहे. या जिण्याच्या मुळाशीं एक साधा नियम होता: काम जेथें असेल तेथें माणसानें जावें. गिरणीचा साचा गांवीं आणतां येत नसे, कचेरीचें मेज घरीं मांडतां येत नसे. म्हणून माणूस हलत असे, काम हलत नसे.

आज हा नियम उलटा झालेला आपण पाहतों. एखादा तरुण पुण्यांतील किंवा लंडनमधील कंपनीची नोकरी करतो, पण राहतो बाली बेटांत. सकाळीं समुद्रावर फिरून येतो, दुपारीं कांखेंत मावेल एवढा संगणक उघडतो, चार मुलुखांतील सहकाऱ्यांशीं बोलतो आणि त्याचा पगार मात्र त्याच्या देशांतील बँकेंत जमा होतो. तीन महिन्यांनीं तो बिऱ्हाड उचलतो आणि लिस्बनला किंवा मेक्सिकोला जातो. अशा माणसांस 'डिजिटल नोमॅड' असें नांव पडलें आहे. आपण त्यांस संगणकी भटके म्हणूं. घरांतील वडील मंडळींस हें सारें पोरखेळासारखें वाटतें, तर तरुणांस ती मुक्ति वाटते. परंतु दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही कीं हा प्रकार अगदीं नवा आहे. मला आज इतकेंच सांगावयाचें आहे कीं तो नवा नाहीं. आणि त्याचे जुने दाखले पाहूं लागलें म्हणजे, या वादांत सहसा कोणी न विचारणारा एक प्रश्न आपल्यापुढें उभा राहतो. काम एका देशाचें आणि वास्तव्य दुसऱ्या देशांत, अशा माणसाचें, तो ज्या भूमीवर राहतो तिच्याशीं नातें कोणतें?

पहिला दाखला शंभर-सव्वाशें नव्हे, तर पावणेदोनशें वर्षांपूर्वींचा आहे. १८४९ सालीं एक निर्वासित जर्मन लेखक बायकामुलांसह लंडनला येऊन राहिला. त्याचें नांव कार्ल मार्क्स. त्याच्या घरचा खर्च, निदान कांहीं अंशीं, चालत असे तो न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राच्या पैशांवर. १८५२ पासून १८६२ पर्यंत तो लंडनमध्यें बसून अमेरिकन वाचकांसाठीं युरोपांतील आणि आशियांतील घडामोडींवर लेख लिहीत होता. आरंभीं एका लेखाचा दर एक पौंड होता. त्याच्या नांवावर छापलेले पहिले कांहीं लेख तर मँचेस्टरहून त्याचा मित्र एंगल्स लिहून देत असे, कारण मार्क्सला त्या वेळीं इंग्रजी लेखनाची संवय नव्हती. लेख आगबोटीच्या टपालानें अटलांटिक ओलांडीत. १८५७ च्या मंदींत 'ट्रिब्यून'नें परदेशांतील बहुतेक बातमीदार कमी केले. मार्क्स राहिला, पण आठवड्यास एकाच लेखाचे पैसे मिळूं लागले. दूर बसलेल्या कामगाराच्या पोटावर प्रथम कात्री चालते, हा अनुभव आजच्या भटक्यांसहि ओळखीचा आहे. याच लेखमालेंत १८५३ सालीं आणि पुढें १८५७ च्या उठावाच्या वेळीं त्यानें हिंदुस्थानावर लिहिलें. ज्या देशाविषयीं लिहिलें तो त्यानें कधीं पाहिला नाहीं आणि ज्या देशासाठीं लिहिलें तोहि पाहिला नाहीं. तो लंडनमध्यें होता, पण त्याची लेखणी तेथें नव्हती.

दुसरा दाखला अधिक विस्तारानें सांगण्यासारखा आहे. 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा १८५० सालीं स्कॉटलंडमध्यें एडिंबरोस जन्मला. फुप्फुसांच्या विकारानें तो बालपणापासून जर्जर होता आणि मायदेशची थंड, ओलसर हवा त्याला सोसत नसे. हवेच्या शोधांत फ्रान्स, स्वित्झर्लंड, अमेरिका असें भटकून झाल्यावर १८८८ च्या जूनमध्यें तो सॅन फ्रॅन्सिस्कोहून 'कॅस्को' नांवाच्या शिडाच्या नौकेंतून दक्षिण समुद्राकडे निघाला. १८८९ च्या डिसेंबरांत तो सामोआ बेटांतील अपिया बंदरीं उतरला. पुढच्या वर्षीं त्यानें अपियापासून सुमारें तीन मैलांवर, डोंगराच्या उतारावर, वाइलिमा नांवाची तीनशें एकरांहून अधिक जमीन विकत घेतली आणि रान तोडून घर बांधलें.

घर सामोआंत, पण पोट लंडन-न्यूयॉर्कवर. बेटावर त्याचें कांहीं दुकान नव्हतें. मळ्याचें उत्पन्न म्हणावें असें नव्हतें. पत्नी, आई, सावत्र मुलें, नोकरचाकर असा मोठा संसार एका आजारी माणसाच्या लेखणीवर चाले. अपियाला तेव्हां तार नव्हती. सॅन फ्रॅन्सिस्को आणि सिडनी यांच्या दरम्यान महिन्यास एक टपालाची आगबोट जाई. तिच्याबरोबर हस्तलिखितें जात आणि तिच्याबरोबरच मुद्रितें, हुंड्या आणि पत्रें येत. लंडनला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हातीं पडावयास दोन-तीन महिने लागत. टपालाचा दिवस जवळ आला कीं वाइलिमाच्या घरीं लिहिण्याची एकच घाई उडे. लिहून लिहून हात दुखूं लागला तेव्हां तो सावत्र मुलीस मजकूर सांगूं लागला आणि ती लिहून घेऊं लागली.

या अंतराची किंमत त्यालाहि मोजावी लागली. 'द बीच ऑफ फालेसा' या त्याच्या कथेंत एक गोरा व्यापारी बेटावरील मुलीला खोट्या लग्नाच्या दाखल्यानें फसवितो. दक्षिण समुद्रांतील गोऱ्या लोकांचें खरें वर्तन दाखविणारी ही कथा १८९२ सालीं लंडनच्या एका साप्ताहिकांत आली तेव्हां नेमका तो दाखलाच गाळलेला होता. संपादकांस तो असभ्य वाटला. जो लेखक हजारों मैल दूर आहे, त्याच्या मजकुरावर कचेरींतील माणसाचा हात सहज चालतो.

बेटावरील लोकांस मात्र या माणसाचें एक कोडें पडलें होतें. हा गोरा खोबऱ्याचा व्यापार करीत नाहीं, सरकारी चाकरी करीत नाहीं, धर्मोपदेश करीत नाहीं. दिवसभर अंथरुणावर बसून कागद काळे करतो आणि तरीहि याच्याकडे पैसा येतो कोठून? १८९१ सालीं त्याची एक गोष्ट सामोअन भाषेंत मिशनऱ्यांच्या मासिकांत छापली गेली. तींत मागेल तें देणाऱ्या, बाटलींत कोंडलेल्या सैतानाची कथा होती. असें सांगतात कीं ती वाचून कांहीं पाहुणे वाइलिमास येत आणि ती बाटली कोठें ठेवली आहे असें हळूच विचारीत. ज्याचें काम डोळ्यांना दिसत नाहीं त्याच्या संपत्तीविषयीं शेजाऱ्यांच्या मनांत नवल आणि थोडी भीति असावयाचीच. आज बालींतील किंवा गोव्यांतील शेजारीहि संगणकापुढें बसलेल्या पाहुण्याकडे कदाचित् याच नजरेनें पाहत असेल.

स्टीव्हन्सनला एवढ्यावर थांबतां आलें असतें. हवा मानवली होती, लेखन होत होतें, पैसे येत होते. परंतु त्यानें सामोअन भाषा शिकण्यास आरंभ केला, आणि ज्याला लोकांची भाषा येऊं लागते त्याला लोकांचें दुःखहि ऐकूं येऊं लागतें. सामोआचा कारभार तेव्हां जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तीन सत्तांनीं १८८९ च्या बर्लिन करारानें आपसांत ठरविला होता. मालिएतोआ लाउपेपा याला त्यांनीं राजा केलें होतें. माताआफा हा दुसरा सरदार लोकांस प्रिय होता, पण सत्तांस नको होता. परक्या अधिकाऱ्यांचा हा कारभार किती बेजबाबदार आहे हें स्टीव्हन्सननें लंडनच्या 'टाइम्स'ला पत्रांमागून पत्रें लिहून सांगितलें आणि १८९२ सालीं 'अ फूटनोट टु हिस्टरी' या नांवाचें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. जगाच्या इतिहासांत या बेटांची गोष्ट तळटीपेएवढी, असा त्या नांवाचा रोख आहे. त्या पुस्तकापासून त्याला कादंबरीसारखा पैसा मिळण्याचा संभव नव्हता. उलट त्याच वर्षाच्या अखेरीस पश्चिम प्रशांत महासागराच्या ब्रिटिश हायकमिशनरनें सामोआंतील ब्रिटिश प्रजाजनांच्या राजद्रोही लेखन-भाषणास शिक्षा ठरविणारा हुकूम काढला. त्याचा रोख कोणावर आहे हें सर्व बेटास ठाऊक होतें.

१८९३ सालीं लढाई झाली, माताआफाचा पराभव झाला आणि त्याला हद्दपार करण्यांत आलें. त्याच्या पक्षाचे कित्येक सरदार अपियाच्या तुरुंगांत पडले. स्टीव्हन्सन त्यांना भेटावयास जाई, अन्न आणि तंबाखू पाठवी, आजाऱ्यांसाठीं औषधपाण्याची व्यवस्था करी आणि त्यांच्या सुटकेसाठीं खटपट करी. १८९४ सालीं सुटका झाल्यावर ते सरदार घरीं न जातां आपण होऊन वाइलिमास आले आणि त्यांनीं त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. सामोआंत सरदारानें असें अंगमेहनतीचें काम करणें ही लहान गोष्ट नव्हती. मजुरी नाहीं, देणगी नाहीं. उपकाराची फेड म्हणून हा रस्ता. 'प्रेमळ अंतःकरणांचा रस्ता' असें त्याला नांव मिळालें आणि बांधणाऱ्या सरदारांचीं नांवें फळीवर लिहून ती तेथें उभारण्यांत आली. त्या प्रसंगीं केलेल्या भाषणांत स्टीव्हन्सननें त्यांना सांगितलें तें असें कीं रस्ते करा, शेतें लावा, आपली भूमि आपण उपयोगांत आणा; नाहीं तर दुसरे येऊन ती घेतील. बाहेरून आलेला एक जमीनमालकच हें सांगत होता, हें त्यालाहि दिसत असलें पाहिजे.

यानंतर दोन महिन्यांच्या आंत, ३ डिसेंबर १८९४ रोजीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन तो वारला. वय अवघें चव्वेचाळीस. सामोअन लोकांनीं जंगल तोडून वाएआ डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट पाडली आणि दुसऱ्या दिवशीं खांद्यावरून नेऊन त्याला तेथें पुरलें. ते त्याला 'तुसिताला', म्हणजे गोष्टी सांगणारा, म्हणत. पांच वर्षांनीं, १८९९ सालीं, परक्या सत्तांनीं बेटें वांटून घेतलींच. पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला तो १९६२ सालीं.

मी स्टीव्हन्सनला साधु ठरवीत नाहीं. त्याची जमीन, त्याचें मोठें घर, त्याचे नोकर हें सारें एका बलवान साम्राज्याच्या प्रजाजनासच सुलभ होतें. पण पाहुणा म्हणून आलेला माणूस शेजारी कसा होतो, याचा हा दाखला आहे. आणि तो होण्यास त्याला मोल द्यावें लागलें, हेंहि त्यांत आहे.

विसाव्या शतकांत अंतर झपाट्यानें आटलें. १९०२ सालीं प्रशांत महासागराच्या तळाशीं ब्रिटिश तार पडली. १९४५ सालीं आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें लंडनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत अशी कल्पना मांडली कीं विषुववृत्तावर सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंच, पृथ्वीच्या गतीनेंच फिरणारे कृत्रिम उपग्रह ठेवले, तर तिघांच्या आधारें साऱ्या जगास संदेश पोंचवितां येतील. हाच क्लार्क १९५६ सालीं लंकेंत येऊन राहिला. समुद्राच्या तळाशीं पोहण्याचा त्याला छंद होता, आणि त्या छंदानें त्याला कोलंबोंत कायमचें बांधून ठेवलें. १९६४ सालीं ब्रिटिश नभोवाणीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत त्यानें भाकीत केलें कीं पन्नासएक वर्षांत माणूस ताहितींत किंवा बालींत राहून लंडनइतक्याच सोयीनें आपला धंदा चालवूं शकेल. बालीचें नांव त्यानें घेतलें होतें हें आज नवलाचें वाटतें.

क्लार्कच्या गोष्टींत आपल्या देशाचाहि एक धागा आहे. १९७५ सालीं भारतानें उपग्रहाच्या साहाय्यानें खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोंचविण्याचा प्रयोग केला. त्या वेळीं भारतीय अंतराळ संस्थेच्या अभियंत्यांनीं कोलंबोंत जाऊन क्लार्कच्या घरीं उपग्रहाचे संदेश झेलणारी मोठी तबकडी बसवून दिली. ज्यानें उपग्रह कल्पिला त्याच्या घरीं उपग्रहाचें चित्र प्रथम उतरलें तें भारतीय हातांनीं. त्याच वर्षीं लंकेच्या सरकारनें त्याला 'निवासी अतिथि' असा दर्जा देऊं केला. राहणारा, पण अतिथि: आजच्या संगणकी भटक्याचें याहून नेमकें वर्णन कायद्याच्या भाषेंत क्वचितच सांपडेल. पुढें १९८३-८४ सालीं '२०१०' या चित्रपटाच्या वेळीं क्लार्क कोलंबोंत आणि दिग्दर्शक पीटर हायम्स लॉस एंजेलिसला होते. दोघांनीं दूरध्वनीच्या तारेस संगणक जोडून रोजचा पत्रव्यवहार केला, आणि तो पुढें पुस्तकरूपानें प्रसिद्धहि झाला. स्टीव्हन्सनला जें उत्तर येण्यास महिने लागत, तें क्लार्कला दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळूं लागलें.

क्लार्कहि नुसता अतिथि राहिला नाहीं. मोरातुवा विद्यापीठाचें कुलपतिपद त्यानें १९७९ पासून २००२ पर्यंत सांभाळलें. २००४ च्या डिसेंबरांतील त्सुनामींत हिक्कडुवा येथील त्याची पाणबुड्यांची शाळाहि वाहून गेली. तेव्हां लंकेवरील संकटांत त्याचाहि वांटा होता. २००८ सालीं तो वारला आणि कोलंबोंतच त्याला पुरण्यांत आलें.

मधल्या काळांतील टप्पे थोडक्यांत सांगतों. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील जॅक नाइल्स यानें असा विचार मांडला कीं कामगारांनीं रोज मोटारीनें कामाकडे जाण्याऐवजीं तारेनें काम कामगारांकडे जावें. तेलाच्या टंचाईच्या त्या वर्षांत तो विचार लोकांस पटूं लागला. १९८३ सालीं स्टीव्हन रॉबर्ट्‌स नांवाचा अमेरिकन सौर विजेवर चालणारीं उपकरणें सायकलीवर लादून निघाला आणि रस्त्यावरील सार्वजनिक दूरध्वनींतून आपलें लेखन पाठवीत हजारों मैल फिरला. १९९७ सालीं त्सुगिओ माकिमोतो हा जपानी अभियंता आणि डेव्हिड मॅनर्स हा इंग्रज पत्रकार यांनीं 'डिजिटल नोमॅड' या नांवाचें पुस्तक लिहिलें, आणि या पंथास नांव मिळालें.

पंथाचें पीक आलें तें २०२० च्या महामारींत. कचेऱ्या ओस पडल्या, कारकून घरीं बसून काम करूं लागले, आणि घरीं बसून होणारें काम समुद्रकांठीं बसूनहि होतें हें सर्वांस कळलें. प्रवासी येईनासे झाल्यामुळें ज्या देशांचें उत्पन्न बुडालें त्यांनीं या माणसांसाठीं दार उघडलें. २०२० च्या जुलैंत बार्बाडोसनें बारा महिन्यांचा विशेष परवाना काढला. अट ही कीं वार्षिक उत्पन्न निदान ५०,००० डॉलर असावें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एस्टोनियानें एक वर्षापर्यंतचा परवाना सुरू केला. महिन्याचें उत्पन्न तेव्हां ३,५०४ युरो असावें लागे. २०२२ च्या ऑक्टोबरांत पोर्तुगालनें असाच परवाना काढतांना अट घातली कीं येणाराचें उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट असावें. २०२४ च्या मार्चमध्यें जपाननें सहा महिन्यांचा परवाना सुरू केला. वार्षिक उत्पन्न एक कोटि येन हवें, आणि शिवाय ज्यांना जपानला येण्यास व्हिसा लागत नाहीं अशा ठराविक देशांचेच नागरिक हवेत. त्या यादींत भारत नव्हता. तेव्हां मुक्ति मिळते खरी, पण ती कोणत्या देशाचें पारपत्र खिशांत आहे यावर अवलंबून असते, हें आपल्या तरुणांनीं ध्यानांत ठेवलेलें बरें.

पोर्तुगालच्या अटीकडे मात्र पुन्हां पाहा. येणारा पाहुणा यजमानाच्या गड्याच्या चौपट मिळविणारा हवा, असें कायदाच म्हणतो. अशीं माणसें एखाद्या पेठेंत राहावयास आलीं म्हणजे घरमालक भाडें त्यांच्या ऐपतीनें लावणार, गड्याच्या नव्हे. लिस्बनमध्यें भाड्यांवरून असंतोष माजला. त्यास केवळ हे भटकेच कारण होते असें नाहीं, पर्यटन आणि परदेशी पैसा हींहि होतीं. मेक्सिको शहरांत ४ जुलै २०२५ रोजीं रोमा आणि कोंदेसा या भागांत लोक रस्त्यावर आले आणि परदेशी बिऱ्हाडकरूंमुळें आपणांस आपल्याच पेठांतून निघावें लागत आहे असा त्यांनीं आक्रोश केला. कांहीं दुकानांच्या कांचाहि फुटल्या. बालींत चांगूच्या परिसरांतील भातखाचरांवर बंगले उठले. महामारीच्या काळांत मुंबई-पुण्याची आणि बंगळूरची कितीतरी तरुण मंडळी संगणक घेऊन गोव्यास राहावयास गेलीं. तेव्हां गोंयकारांनीं भाड्यांविषयीं आणि जमिनींविषयीं जी कुरकुर केली ती ऐकणाऱ्यांस मेक्सिकोंतील आक्रोश परका वाटणार नाहीं. त्या कुरकुरींतले पाहुणे आपण होतों.

मग तरुणांनीं घरीं बसावें काय? तसें मी म्हणणार नाहीं. देशाटनानें माणूस शहाणा होतो ही आपली जुनी समजूत आहे, आणि ज्याला आजार, गरिबी किंवा कोंडमारा यांतून वाट काढावयाची आहे त्याला दूरचें आभाळ कधीं कधीं तारतें. स्टीव्हन्सनला त्यानें चार-पांच वर्षें अधिक दिलीं. परंतु आपला चाकरमानी मुंबईंत राहिला तेव्हां मुंबईचा झाला. त्यानें तेथें चाळी गजबजविल्या, संप केले, मुलांस शाळेंत घातलें, पाण्यासाठीं नळावर भांडणें केलीं. काम आणि वास्तव्य एके ठिकाणीं असल्यामुळें त्या शहराच्या सुखदुःखांतून त्याला सुटका नव्हती. संगणकी भटक्यास ती सुटका आयती मिळाली आहे. पाऊस फार झाला, भाडें वाढलें, दंगल झाली, तर तो पुढच्या विमानानें निघून जातो. यंत्रानें त्याला कचेरीपासून मोकळें केलें, आणि त्याबरोबरच न विचारतां शेजारधर्मापासूनहि मोकळें केलें. हा शेजारधर्म आतां यंत्र किंवा परवाना त्याच्याकडून करवून घेणार नाहीं. तो त्यानें आपण होऊन पाळला तरच पाळला जाईल.

म्हणून ज्यांचीं मुलें अशा दूरदेशीं बिऱ्हाड करावयास निघालीं असतील त्या वडील मंडळींनीं, नोकरी टिकेल काय आणि पगार किती, एवढेंच विचारून थांबूं नये. तेथली भाषा शिकतोस काय, ज्याच्या घरांत राहतोस तो आधीं कोठें राहत होता, तेथल्या सरकारास कर भरतोस काय, शेजारी आजारी पडला तर तुला कळेल काय, हेंहि विचारावें. अपियाच्या डोंगरावर सरदारांनीं जो रस्ता बांधला तो आगबोटीच्या टपालानें आला नव्हता.